वहीपाशी कोण बसलाय?

श्रोतेहो, हक्क घटनेत लिहिला म्हणजे हाती आला, असे नाही. अमेरिकेचेच पाहा. १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. पण १८९० साली मिसिसिपी राज्याने अट घातली: मतदाराला राज्यघटनेचे कलम वाचता यावे, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगता यावा. परीक्षक गोरा अंमलदार! मग शिकलेसवरलेले कृष्णवर्णीयही नापास व्हायचे. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ही परीक्षा थांबवली, नोंदणीला केंद्राचे अधिकारी धाडले. दोनच वर्षांत तेथील प्रौढ कृष्णवर्णीयांची मतदारनोंद शेकडा ७ वरून ६० च्या घरात गेली. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील देखरेखीची तरतूद लुळी केली. म्हणून हक्क कुणी दिला एवढेच विचारू नका. नोंदवहीपाशी कोण बसलाय, तेही बघा.