इंदूरचा राजवाडा : तीन आगी आणि एक घर

इंदूरला प्रथमच जाणारा मराठी प्रवासी राजवाड्याच्या दर्शनी भागासमोर उभा राहिला की नकळत मजले मोजू लागतो. मजले सात, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. होळकरांची ही वास्तू दोन शतकांहून जुनी आहे असे त्याला सांगण्यात येते व ते खोटेही नव्हे. मात्र आज उभी असलेली प्रत्येक तुळई तितकी जुनी आहे असे जर कोणी समजेल, तर तो फसेल. हे घर तीनदा आगीत सापडले आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभारावे किंवा सावरावे लागले.

पहिली आग घरच्याच भांडणाची. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. त्याचा सूड म्हणून सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले व राजवाडा जाळला. मराठ्यांचे घर मराठ्यांनीच जाळावे, याहून खेदाची गोष्ट ती कोणती? पुढे १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत, दिवाण तात्या जोगांच्या काळात, वाड्याची पुनर्बांधणी झाली. (अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे.) १८३४ च्या आगीत वरचा एक मजला गेला. तिसरी आग १९८४ ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत मागचा बहुतेक भाग भस्मसात झाला. दर्शनी भाग तेवढा तगला. जळालेल्या जागी बाग करण्यात आली आणि कित्येक वर्षे या भव्य दाराआड घरच नव्हते.

२००६ साली दुसऱ्या यशवंतरावांच्या कन्या उषाराजे होळकर यांनी मागचा भाग पूर्ववत बांधण्याचे मनावर घेतले. जुनीच मांडणी, जुनेच साहित्य आणि जुनीच पद्धत असा तो संकल्प होता व २००७ मध्ये तो तडीस गेला. पुढे स्मार्ट सिटी योजनेत दर्शनी भागाचीही डागडुजी झाली.

‘जुनीच पद्धत’ हे शब्द बोलायला सोपे, पण कंत्राटात बसवायला फार अवघड. तात्या जोगांच्या गवंड्यापुढे चुन्यावाचून पर्यायच नव्हता. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात निघाले ते १८२४ साली आणि आपल्याकडे पोरबंदरला त्याचे उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये. आजच्या कंत्राटदारापुढे मात्र सिमेंटचे पोते हाताशी असते. कळीचा चुना विरवावा लागतो, मुरू द्यावा लागतो, वाळू व सुरखी घालून घाणीत मळावा लागतो. प्रांतोप्रांतीच्या रिवाजाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळ, मेथी, उडीद पडतात. लावल्यावरही तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. इतके दिवस परांचीचे भाडे कोणी सोसावे? कंत्राटदाराला बिल मिळते ते चौरस मीटरवर, आणि काम मिळालेले असते सर्वांत कमी दराच्या निविदेवर. त्याला एकट्याला दोषी धरणे मला न्याय्य वाटत नाही. ज्या करारात चुना मुरण्याचे दिवस मोजलेले नाहीत, तो करारच त्याला सिमेंटकडे ढकलतो.

परिणाम मात्र भिंतीला भोगावे लागतात. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते व उन्हाळ्यात ती सोडून देते. तीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. मग क्षार साचतात, विटा भुगा होऊ लागतात, भिंतीत रुतलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजतात. पहिल्या पावसाळ्यांत काहीच दिसत नाही. दोषदायित्वाची मुदत बहुधा वर्षभराची. ती संपून अनामत रक्कम परत गेल्यानंतर केव्हातरी पोपडे धरतात.

लाकडाचे तसे नाही. जाड सागवानी खांब पेटला की वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या गाभ्याला काही काळ राखतो. म्हणून जळक्या वाड्यात काळा पडलेला प्रत्येक खांब निकामी नसतो. ठोकून, भोक पाडून तो तपासावा लागतो. हे काम जाणत्या सुताराचे. ‘मोडतोड व विल्हेवाट’ असे कलम जेथे ठोक दराने दिले जाते, तेथे तपासणीला सवड उरत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, बडोदे येथील मराठी कुटुंबांचे लहानमोठे वाडे आज याच वळणावर आहेत. वारसदार दूरच्या शहरांत, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि ठेकेदाराचे अंदाजपत्रक टपालाने किंवा फोनवर आलेले. त्यात ‘गिलावा’ एवढाच शब्द असतो. कशाचा, हे लिहिलेले नसते.

राजवाड्यात ते लिहिले गेले. २० मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या निमित्ताने, मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक याच राजवाड्यात भरली.