नव्वद ग्रॅमचा प्रश्न

सायकलचं हेल्मेट घ्यायला दुकानात गेलेला माणूस ते आधी हातात घेऊन तोलून बघतो, डोक्यावर नंतर चढवतो. मंडईत कोबीचा गड्डा तोलावा तसं. फरक इतकाच, की गड्डा जड लागला तर आपण खूश होतो आणि हेल्मेट हलकं लागलं तर.

माझा भाचा गेल्या वर्षापासून रोड बाइक चालवतोय. पहाटे निघून सिंहगडाचा घाट चढायचा आणि ऑफिसच्या वेळेला परत. (ताईला हे फारसं पसंत नाही, पण ते असो.) त्यानं दोन हेल्मेटं निवडून ठेवली होती. एक २२० ग्रॅमचं, दुसरं ३१० ग्रॅमचं. हलकं अर्थातच बरंच महाग. त्याचा प्रश्न असा होता, की नव्वद ग्रॅमसाठी एवढे पैसे घालावेत का, आणि हलकं म्हणजे कमी सुरक्षित असं असतं का?

साधं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची माझी खोड घरच्यांना माहीत आहे. शिवाय या प्रश्नाचं उत्तर खरोखरच इतिहासात आहे, कारण हेल्मेटाचा इतिहास म्हणजे वजन आणि सुरक्षितता यांच्यातली घासाघीसच आहे. जवळजवळ दीडशे वर्षं चाललेली.

सुरुवात होते १८८०च्या दशकात. तेव्हाच्या सायकलींचं पुढचं चाक छातीइतकं उंच असे आणि स्वार त्याच्या बरोबर वर बसे. चाक दगडाला अडलं की माणूस थेट डोक्यावर पुढे जाई. अशा काळात काही सायकलस्वारांनी जवळ केली ती आपल्याला जुन्या फोटोंतून ओळखीची असलेली सोला टोपी! शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेली, साहेब लोक उन्हात घालत ती. ही टोपी हलकी होती, आणि पडल्यावर भेंड चेपून मार थोडा शोषला जाई. एकदा चेपली की संपली. ही चेपण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पुढे दोन्ही चाकं सारखी झाली, सायकल खाली आली आणि शर्यतवाल्यांनी कातडी पट्ट्यांची टोपी धरली. कापूस किंवा लोकर भरलेल्या, केळ्यासारख्या दिसणाऱ्या चार-पाच पट्ट्या कपाळापासून मागे गेलेल्या. हिला इंग्रजीत 'हेअरनेट' म्हणत, म्हणजे अंबाड्यावरची जाळी. नाव अगदी योग्य होतं. डोकं खरचटण्यापासून वाचे, पण जोराच्या आपटण्यापुढे ती टोपी जवळजवळ निरुपयोगी. तरीही १९७०च्या दशकापर्यंत शर्यतींत हीच चालू होती, कारण ती हलकी होती आणि वारा लागायचा.

या दरम्यान डोक्याच्या दुखापतीचा खरा अभ्यास झाला तो मोटरसायकलवाल्यांमुळे. मे १९३५ मध्ये इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स (तेच ते, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया') मोटरसायकलवरून जाताना समोर आलेल्या दोन सायकलवाल्या मुलांना चुकवायला गेले आणि फेकले गेले. सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्सनी हा विषय पुढे लावून धरला. १९४१ साली, ऐन युद्धात, त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या दुखापतींवर निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेट घालून अपघात झालेले त्यांच्या पाहणीतले रुग्ण होते फक्त सात, आणि सातही वाचले होते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या निरोप्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

सायकलसाठी खास बनवलेलं पहिलं आधुनिक हेल्मेट मात्र यायला १९७५ उजाडलं. अमेरिकेतल्या बेल या कंपनीचं 'बेल बायकर'. ही कंपनी आधीपासून मोटरशर्यतींची हेल्मेटं करत होती. वरून कडक प्लॅस्टिकचं कवच आणि आत चक्क थर्माकोल! आपल्या टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण घट्ट. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. थर्माकोल चेपतो आणि चेपताना धक्का खातो. सोला टोपीतल्या भेंडाचंच काम, कितीतरी चांगल्या रीतीनं. म्हणूनच एका मोठ्या आपटीनंतर हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं असतं.

शर्यतवाल्यांनी याकडे बघून नाकं मुरडली. जड, गरम, आणि दिसायला बादलीसारखं. मग १९८६च्या सुमाराला जिम जेंटिस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या डिझायनरनं वरचं कडक कवचच काढून टाकलं. नुसता थर्माकोल, त्यावर ताणून बसवलेलं कापड. हे 'जिरो प्रोलाइट', तेव्हाच्या हेल्मेटांच्या जवळपास निम्म्या वजनाचं. पुढे लक्षात आलं, की उघडा थर्माकोल आपटल्यावर फुटून सुटा होऊ शकतो आणि डांबराला धरूनही बसू शकतो. तेव्हा त्यावर प्लॅस्टिकचं पातळ कवच आलं. आज आपण घेतो ती हेल्मेटं याच घराण्यातली.

म्हणजे १९८६ नंतर 'जड आहे' ही तक्रार संपायला हवी होती ना? इथेच गंमत आहे.

१९८९च्या 'टूर द फ्रान्स'चा शेवटचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाशी झुंजायचं. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागे होता. त्यानं डोक्यावर वारा कापणारं, मागे निमुळतं हेल्मेट चढवलं. पुढे असलेला लोरां फिन्याँ बोडक्यानं निघाला, मागे पोनीटेल उडतेय. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँनं फक्त ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँच्या सायकलला वारा टाळणारे वेगळे हँडलही होते, तेव्हा सगळं श्रेय हेल्मेटाला देता येत नाही. पण वेगासाठी हेल्मेट घालायला शर्यतवाला एका पायावर तयार असतो, हे मात्र दिसलं.

जिवासाठी? १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं (यूसीआय) हेल्मेटसक्ती आणायचा प्रयत्न केला, तर 'पॅरिस-नीस' शर्यतीत स्वारांनी संप पुकारला आणि सक्ती बारगळली. १८ जुलै १९९५ रोजी पिरेनीज पर्वतातला एक घाट उतरताना फाबियो कासार्तेली पडला आणि रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आपटून गेला. १९९२च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, वय २४. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरीही नियम झाला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच 'पॅरिस-नीस' शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला, तोही बोडक्यानं, आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्यानंतर मात्र मे २००३ मध्ये सक्ती आली. त्यातही शेवटच्या चढावर, तो पाच किलोमीटर किंवा जास्त असेल तर, हेल्मेट काढायची मुभा होती! ती नंतर गेली.

हलकं हेल्मेट बाजारात येऊन तोवर सतरा वर्षं झाली होती. वजन हे न घालण्याचं कारण उरलं नव्हतं, तरी ते सांगितलं जात होतं. हे वाचल्यापासून 'जड होतं रे' असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात.

आता भाच्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग, हलकं म्हणजे कमी सुरक्षित का? यासाठी थोडं गणित. (घाबरू नका, भागाकारच आहे.) अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या कायदेशीर चाचणीत हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं दोन मीटरवरून सपाट लोखंडावर पाडतात. डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींच्या आत राहिला तर हेल्मेट पास. युरोपच्या 'ईएन १०७८' मानकात उंची दीड मीटर आणि मर्यादा २५० पट. आपल्याकडच्या अनेक हेल्मेटांवर यांतलाच एखादा शिक्का असतो.

दोन मीटरवरून पडलेलं डोकं २० मिलिमीटरमध्ये एकसारखं थांबवलं, तर धक्का साधारण १०० पट. तेच ५ मिलिमीटरमध्ये थांबवलं, तर ४०० पट. म्हणजे खरा जीव आहे तो चेपायला मिळणाऱ्या जागेत, थर्माकोलच्या जाडीत. हेल्मेट हलकं करायचं तर भोकं मोठी करायची. भोकं मोठी केली की उरलेला थर्माकोल जास्त घट्ट घ्यावा लागतो, नाहीतर चाचणीत नापास. घट्ट थर्माकोल मोठ्या धक्क्याला पास होतो, पण लहान धक्क्याला पुरेसा चेपत नाही. शिक्का दोन्ही हेल्मेटांवर सारखाच, कारण परीक्षा फक्त पास-नापास सांगते, गुण सांगत नाही.

शिवाय त्या परीक्षेत एक विषय गाळलेलाच आहे. माणूस सायकलवरून सरळ खाली पडत नाही, तिरका पडतो आणि डोकं गर्रकन फिरतं. केर्न्स यांच्याबरोबर ऑक्सफर्डला काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ सालीच जिलेटिनचे मेंदू करून दाखवलं होतं, की मेंदूला इजा होते ती मुख्यतः अशा फिरण्यामुळे. जेलीची वाटी झटकन फिरवून बघा, कळेल. यावर उपाय करायला अर्धं शतक लागलं. १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये शल्यचिकित्सक हान्स फोन होल्स्ट आणि संशोधक पेटर हाल्डिन यांनी हेल्मेटाच्या आत घसरणारा एक पातळ थर बसवला, तो म्हणजे 'मिप्स'. आपटल्यावर हेल्मेट डोक्यावर थोडंसं सरकतं आणि फिरण्याचा जोर कमी होतो. वजन काही ग्रॅम वाढतं, बस. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून हेल्मेटं अशी तिरकी आपटून तारे देतं. त्या यादीत स्वस्त हेल्मेटांनाही वरचे तारे मिळालेले दिसतात. आकड्यांवरून एवढं कळतं, की किमतीवरून किंवा वजनावरून सुरक्षिततेचा अंदाज बांधता येत नाही.

पण यादी बघूनही एक गोष्ट कळत नाही, आणि मी भाच्याला सगळ्यात जास्त तिच्यावरच बोललो. प्रयोगशाळेतलं डोकं ठरावीक मापाचं आणि ठरावीक आकाराचं असतं. आपली डोकी तशी नसतात. कुणाचं लांबट, कुणाचं गोल. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून माप घ्यायचं. हेल्मेट घालून पट्टा न लावता खाली वाकायचं आणि मान हलवायची; पडायला नको. कपाळावर दाबतंय आणि बाजूला पोकळ आहे, असं असेल तर तो साचा आपला नाही, मोठा नंबर घेऊन उपयोग नाही. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच जागा. कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं दोनशे ग्रॅमचं हेल्मेट ऐनवेळी कातडी पट्ट्यांच्या टोपीपेक्षा फारसं वेगळं नाही.

त्यानं ३१० ग्रॅमचं घेतलं. ते त्याच्या डोक्याला बसत होतं, आणि त्यात तो घसरता थरही होता.

म्हणून हलकेपणा वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. जेंटिसनं वजन निम्म्यावर आणलं नसतं, तर आज एवढी माणसं आपण होऊन हेल्मेट घालताना दिसली नसती. खुंटीवर टांगलेलं हेल्मेट कितीही जाड असलं तरी कुणाला वाचवत नाही. कडक उन्हात, घाटात, तास-दोन तास जे डोक्यावर ठेवता येतं, तेवढं हलकं ते हवंच. त्यापुढचा प्रत्येक ग्रॅम कमी करताना आपण काय देऊन काय घेतोय, हे आरशासमोर उभं राहून, हेल्मेट डोक्यावर घालूनच ठरवावं.