पितरांच्या पानातली मिरची

सर्वपित्रीच्या स्वयंपाकात आमच्या घरी मिरची नसते, बटाटाही नसतो. तिखटाला मिरे नि आले, चटणी आमसुलाची. शिवाय कारल्याची भाजी, वडे, खीर. कुणी याला निव्वळ कर्मठपणा म्हणतील. पण भगिनींनो, त्यात इतिहास आहे! १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला आले. पुढच्या शतकात त्यांच्या गलबतांतून अमेरिकेतली मिरची इकडे उतरली. पितरांचे पान त्याआधीच्या चुलीचेच राहिले. (तांबडा भोपळाही तिकडचाच, तो मात्र सोवळ्यात बेमालूम शिरला!)

आमच्या सासूबाईंना ठेच्यावाचून घास उतरत नसे. त्यांच्या नावाचे पान तसेच वाढायला माझा हात धजेना. गेली तीन वर्षे आमसुलाच्या चटणीशेजारी मी चिमूटभर ठेचा वाढते. भाऊजी अजून कुरकुरतात. कावळ्याची तक्रार नाही.