जोसेफ डेविड पेणकर : कुलाबा किनाऱ्याचें नांव धारण करणारा एक नाट्यशिक्षक

(१)

नाट्यकलेच्या इतिहासाचीं साधनें गोळा करणारांस एक अडचण वारंवार जाणवते. नाटककाराचें नाटक छापलें गेलें म्हणजे तें टिकतें. नटाची कीर्ति व छायाचित्रें मागें राहतात. परंतु नटांस तालीम देऊन, पदांच्या चाली बसवून, पडदे व प्रवेश यांचा मेळ घालून जो पुरुष प्रयोग उभा करितो, त्याची कृति त्या रात्रीच्या प्रयोगाबरोबरच संपते. संस्कृत नाटकांत तो निदान नांदीनंतर सूत्रधार म्हणून प्रेक्षकांच्या दृष्टीस पडतो. अलीकडच्या रंगभूमीनें त्यास पडद्यामागें ठेविलें व इतिहासलेखकांनींही त्यास बहुधा तेथेंच राहूं दिलें.

कै. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे तालीममास्तर म्हणून आपल्या काळीं अद्वितीय मानले जात. तथापि आज त्यांचें स्मरण होतें तें मुख्यतः ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’, ‘झुंझारराव’ हीं नाटकें छापलेलीं आहेत म्हणून. ज्याची नाटकें छापून सर्वत्र पोंचलीं नाहींत व ज्यानें आपल्या मातृभाषेच्या रंगभूमीबाहेर आयुष्य वेंचलें, अशा नाट्यशिक्षकाची वाट काय होते, याचें ठळक उदाहरण म्हणजे जोसेफ डेविड पेणकर. भारतांतील पहिला बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून निघाला, ते हे गृहस्थ. त्यांचें नांव आमच्या किनाऱ्याच्या इतिहासांत दाखल करून घ्यावें, व त्यांच्या कार्याचीं साधनें कोठें व कशीं शोधावीं याचें दिग्दर्शन करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम नांवाचा विचार करूं. बोलपटांच्या श्रेयनामावळींत ‘जोसेफ डेविड’ इतकेंच नांव येतें. तें वाचून हे कोणी युरोपियन अथवा गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थ असावेत असा ग्रह होणें साहजिक आहे. परंतु तो निराधार होय. बेने-इस्राएल लोकांत नांव लिहिण्याची रीत आपल्यासारखीच आहे. प्रथम स्वतःचें नांव, मग पित्याचें, व शेवटीं गांवावरून पडलेलें आडनांव. म्हणजे डेविड यांचे पुत्र जोसेफ, आडनांव पेणकर. दिवेकर, रोहेकर, केहिमकर, नवगांवकर, चेऊलकर, झिराडकर, अष्टमकर, तळकर हीं त्याच समाजाचीं आडनांवें एकापुढें एक मांडलीं, तर हल्लींच्या रायगड, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा, जिल्ह्याचा अर्धा नकाशाच तयार होतो.

येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. आडनांवावरून पूर्वजांचें गांव सिद्ध होतें. त्या व्यक्तीचें जन्मस्थान सिद्ध होत नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हीं कुटुंबें पलटणींत, पुढें सरकारी खात्यांत, रेल्वेंत व सुतारकामांत नोकऱ्या धरून मुंबईस जाऊं लागलीं. सामुएल इझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत त्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. त्यावरून ह्या वस्तीचें मान त्या वेळींच किती वाढलें होतें हें कळून येतें. तेव्हां पेणकर म्हणजे पेण येथेंच जन्मलेला, असें अनुमान कोणी करूं नये. आडनांवावरून गांवाशीं असलेलें पिढीजात नातें तेवढें ठरतें, व आमच्या प्रतिपाद्यास तेवढें पुरेसें आहे.

आडनांव गळून पडण्याचा हा प्रकार एकट्या जोसेफ यांच्याच वांट्यास आला असें नाहीं. ‘बूट पॉलिश’ (१९५४) ह्या चित्रपटामुळें सर्वतोमुखीं झालेले नट डेविड हेही डेविड अब्राहाम चेऊलकर. चौलाचें नांव लावणारा हा मनुष्य कोठला, हें किती जणांस ठाऊक आहे? मुंबईच्या रंगभूमीनें व चित्रपटानें हीं माणसें घेतलीं आणि त्यांचीं गांवें मागें टाकिलीं. इतिहाससंशोधकानें तीं पुन्हा नांवांस जोडलीं पाहिजेत.

(३)

ह्या समाजाचा पूर्वेतिहास वाचकांस ठाऊक आहेच. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा धंदा व शनिवारीं घाणा बंद ठेवण्याचा नेम, यांमुळें त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. त्यांच्या सणांस ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा सण’, ‘होळीचा सण’ अशीं मराठी नांवें होतीं. अलिबागेंतील त्यांचें ‘मागेन आबोथ’ हें प्रार्थनामंदिर १८४८ चें असून १९१० सालीं त्याची पुनर्रचना झाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें ह्यांत महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. ह्या लोकांची घरची भाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाच्या ‘हग्गादा’ ग्रंथाची मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापलेली प्रत मुंबईंत १८४६ सालीं निघाली. सचित्र अशी दुसरी प्रत पुण्यास १८७४ सालीं निघाली. १८८० नंतर तर ह्या समाजांत कीर्तनाची प्रथा सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनीं अब्राहामादि पूर्वजांचीं चरित्रें साकी, दिंडी, ओवी यांत बांधून हरिदासी पद्धतीनें गाइलीं. पूर्वरंग-उत्तररंगाचा तोच घाट, टाळ-मृदंगाची तीच साथ. आख्यान मात्र हिब्रू धर्मग्रंथांतील.

मराठी नाटकाचा कीर्तनाशीं व लळिताशीं असलेला संबंध सर्वमान्य आहे. ज्या समाजानें आपलें आख्यान मराठी कीर्तनांत बसविलें, त्याच समाजांतून पुढें पदें व संवाद बसविणारा नाट्यशिक्षक निपजावा, ह्यांत आश्चर्य तें काय? एकाचा दुसऱ्यावर प्रत्यक्ष परिणाम झाला असें म्हणण्यास लेखी प्रमाण लागेल. परंतु भूमि तयार होती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

(४)

जोसेफ पेणकर यांचें कार्यक्षेत्र मात्र मराठी रंगभूमि नसून पारशी रंगभूमि होतें. पारशी इंपीरियल थिएट्रिकल कंपनीचे ते नाटककार व डायरेक्टर होते. पारशी रंगभूमीचा उगमही आपल्या नाट्येतिहासास लागूनच आहे. विष्णुदास भावे यांच्या मंडळीनें मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहांत खेळ केले ते १८५३ सालीं, आणि पारशांची पहिली नाटक मंडळीही त्याच सालीं उभी राहिली. पुढें १८६८ सालीं व्हिक्टोरिया मंडळी निघाली व १८७१ सालीं तिनें ‘सोनाना मूलनी खुरशेद’ हें उर्दू नाटक रंगभूमीवर आणिलें. तेव्हांपासून गुजराथी बोलणारे मालक, उर्दू लिहिणारे मुन्शी व नाना जातींचे नट अशी ही मिश्र संस्था हिंदुस्थानभर फिरूं लागली.

ह्या कंपन्यांतील डायरेक्टराचें काम आमच्या तालीममास्तरापेक्षां अधिक व्यापक असे. नटांस भाषा शिकवावी लागे, कारण पुष्कळांची मातृभाषा उर्दू नसे. गाणीं, विनोदी उपकथानक, रंगविलेले पडदे, यंत्रांच्या साहाय्यानें दाखवावयाचे चमत्कार, ह्या सर्वांचा मेळ त्यासच घालावा लागे. नाटक ही कंपनीची मालमत्ता. प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडूं नये म्हणून संपूर्ण संहिता जपून ठेवीत. प्रेक्षकांकरितां कथासार व गाणीं यांचीं लहान चोपडीं तेवढीं छापीत. संहिता दुर्मिळ व चोपडीं तुरळक, अशी जी आजची स्थिति आहे तिचें कारण ह्या व्यवहारांत आहे.

घरीं मराठी, कंपनींत गुजराथी व रंगभूमीवर हिंदुस्थानी, अशा तीन भाषांमध्यें वावरून ह्या पुरुषानें आपली विद्या चालविली. त्याची भाषा मराठी असूनही त्याची कृति मराठी वाङ्मयाच्या सूचींत येत नाहीं. आणि तो मुन्शी नसल्यामुळें उर्दू वाङ्मयाच्या इतिहासांतही त्यास मानाचें पान मिळत नाहीं. दोन दप्तरांच्या मध्यें पडलेल्या कागदासारखी त्याची गत झाली.

(५)

‘आलम आरा’ हें त्यांचें नाटक अर्देशीर इराणी यांनीं आपल्या इंपीरियल फिल्म कंपनीकरितां निवडिलें, व त्यावरून निघालेला बोलपट दि. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत गिरगांवच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत प्रथम दाखविला गेला. मराठींतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ पुढील वर्षीं, १९३२ सालीं, निघाला. स्टुडिओजवळून आगगाडी जात असल्यानें ‘आलम आरा’चें बरेंच चित्रण गाड्या थांबल्यावर रात्रीं करावें लागलें. त्यांत सात गाणीं होतीं. नायकाची भूमिका करणारे मास्टर विठ्ठल हे मराठी रंगभूमीवरून आलेले. त्यांची हिंदुस्थानी वाणी कच्ची पडल्यामुळें त्यांस संवाद थोडेच ठेविले, असें चित्रपटांच्या इतिहासांत सांगतात. तें खरें धरल्यास मोठा चमत्कारिक योग दिसतो: जी भाषा मराठी नटास बोलतां येईना, तींतील नाटक मराठी घरांतल्या नाटककाराचें होतें.

कथानक थोडक्यांत येणेंप्रमाणें. कुमारपूरच्या राजास दोन राण्या. पुत्र होईल असें एक फकीर सांगतो. परंतु त्या पुत्राचें आयुष्य राजवाड्याच्या तळ्यांतील एका माशाच्या गळ्यांतल्या कंठ्याशीं बांधलेलें असतें. एक राणी आदिल नांवाच्या सेनापतीवर आसक्त होते; तो झिडकारतो, तेव्हां ती त्यास बंदींत टाकविते. त्याची कन्या आलम आरा भटक्या लोकांत वाढते, व शेवटीं राजपुत्राशीं तिचें मीलन होतें.

आम्हीं आयुष्यभर विद्यार्थ्यांस शाकुंतल शिकविलें. त्यामुळें माशाच्या गळ्यांतील कंठा वाचतांच माशाच्या पोटांतील मुद्रिका आम्हांस आठवल्यावांचून राहिली नाहीं. तसेंच, परक्या घरीं वाढलेली मुलगी राजगृहांत येते हें पाहून कोणास एस्तेरच्या आख्यानाचें स्मरण होईल; तें आख्यान बेने-इस्राएल लोक आपल्या ‘होळीच्या सणास’ वाचीत. परंतु साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. हीं कथाबीजें अनेक देशांत सांपडतात. तेवढ्यावरून कर्त्याचें वाचन ठरविणें हें शास्त्रास धरून होणार नाहीं.

(६)

याहून भक्कम प्रमाण एकाच कर्त्याच्या दोन कृति ताडून पाहिल्यानें मिळतें. वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ १९३३ सालीं निघाला, दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया, लेखक जोसेफ डेविड. पुढें सवाई गंधर्वांचे शिष्य म्हणून विख्यात झालेले फिरोज दस्तूर यांनीं त्यांत लहान वयांत काम केलें. ह्या कथेंत सावत्र आईचें कारस्थान आहे, बंदींत पडलेला राजपुत्र आहे, त्यास मार्ग दाखविणारा फकीर आहे, व धारण करणारास अदृश्य करणारा खंजीर आहे. ‘आलम आरा’शीं हें ताडून पाहावें. अंतःपुरांतील द्वेष, निरपराध्यास बंधन, फकिराचें वचन, व एका वस्तूंत सांठविलेलें दैव, हे चारही धागे दोन्हींकडे सारखेच आहेत. फकीर दोन्हींकडे आहे याचें रंगभूमीच्या दृष्टीनें कारणही उघड आहे. फकिराच्या तोंडीं गाणें घातलें तर तें कोठेंही शोभतें. कथानक अडलें असतां तोच तें पुढें नेतो. हें तालीम देणाऱ्या मनुष्याचें बांधकाम आहे. प्रयोगांत काय उठतें हें पाहून तें केलेलें आहे.

१९३५ सालच्या ‘हंटरवाली’चे संवाद व गीतेंही त्यांचींच. होमी वाडियांनीं दिग्दर्शित केलेल्या ह्या बोलपटांत नादिया हिनें बुरखा घालून चाबूक चालविणाऱ्या राजकन्येचें काम केलें, व तो अतिशय लोकप्रिय झाला. कंठा व खंजीर यांच्या जागीं येथें चाबूक आला. अन्यायी सत्ताधारी व वेष पालटलेलें राजरक्त हा सांगाडा मात्र जुन्या नाटकांचाच. पारशी रंगभूमि मोडली तरी तिची विद्या बोलपटांत कशी उतरली, ह्याचा पुरावा ह्या एका पुरुषाच्या कामांत सलग मिळतो.

(७)

आतां साधनांविषयीं. ‘आलम आरा’ बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. जाहिराती व छायाचित्रें तेवढीं उरलीं आहेत. म्हणून ज्या नाटकावरून तो निघाला त्याचे कागद, गाण्यांचीं चोपडीं, नटांस दिलेल्या नकला, हस्तपत्रकें, ह्यांस दुप्पट मोल आलें आहे.

संग्राहकांस आमच्या दोन सूचना आहेत. पहिली लिपीविषयीं. पारशी कंपन्यांचीं उर्दू नाटकें व गाणीं पुष्कळदां गुजराथी लिपींत छापलीं जात. मोडी व देवनागरी ओळखणारा आमच्याकडील संग्राहक असें चोपडें व्यापाऱ्याचें हिशेबाचें अथवा कोणा गुजराथी गृहस्थाचें समजून बाजूस टाकितो. तसें न करितां त्यांतील चार ओळी कोणाकडून वाचवून घ्याव्या. दुसरी सूचना आडनांवाविषयीं. सूचि करितांना ‘जोसेफ डेविड’ असें आढळल्यास ‘पेणकर’ ह्या शीर्षकाखालींही त्याची नोंद करावी, म्हणजे विखुरलेले कागद एके ठिकाणीं येतील.

१९४८ नंतर बेने-इस्राएल कुटुंबें मोठ्या संख्येनें इस्राएल देशांत गेलीं. किनाऱ्यावरील प्रार्थनामंदिरांत आतां मोजकींच माणसें जमतात. जातांना त्यांनीं ट्रंकांतून काय नेलें व शेजाऱ्यांकडे काय ठेविलें, हें विचारण्याची वेळ अजून अगदींच टळलेली नाहीं. परंतु ती टळत चालली आहे. हैम सामुएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. चाळीस वर्षें तें हस्तलिखित कोणी तरी जपलें, म्हणून आज आपल्या जिल्ह्याच्या ह्या एका शाखेचा इतिहास आपणांस वाचतां येतो. पेणकरांच्या कागदांस तसा रक्षक भेटला असल्यास तो कदाचित् ह्या त्रैमासिकाच्या वाचकांच्याच ओळखीचा असेल. त्यानें ते कागद उजेडांत आणावे, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.