कॅसेट डेक
कॅसेट डेक हे कॉम्पॅक्ट कॅसेटवर ध्वनिमुद्रण करणारे व ते पुन्हा ऐकवणारे उपकरण आहे. टेपरेकॉर्डरप्रमाणे यात ध्वनिवर्धक व स्पीकर अंतर्भूत नसतात. डेक स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरला जोडावा लागतो. १९७० ते १९९० या काळातील स्टिरिओ डेक आज संग्राहकांच्या आवडीची वस्तू बनले आहेत.

इतिहास
फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिन येथील प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. सुमारे ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हा मंद वेग यांमुळे आवाजात खरखर येत असे व ती प्रामुख्याने श्रुतलेखनासाठीच योग्य मानली जाई. डॉल्बी-बी ही खरखर कमी करणारी प्रणाली आणि क्रोमियम डायऑक्साइडची फीत यांमुळे हे चित्र पालटले. १९७३ साली जपानच्या नाकामिची कंपनीने 'नाकामिची १०००' हा तीन हेडचा डेक आणला. मुद्रण व श्रवण यांसाठी स्वतंत्र हेड असल्याने मुद्रण चालू असतानाच त्याचा दर्जा ऐकून तपासता येई. १९८२ सालच्या 'ड्रॅगन' या डेकमध्ये हेडचा फितीशी असलेला कोन आपोआप जुळवण्याची सोय होती.

भारतातील प्रसार
१९८० च्या दशकात कॅसेटचा भाव उतरल्याने भारतात भजने, लोकगीते व चित्रपटसंगीत घरोघरी पोहोचले. परदेशी डेक मात्र आयात शुल्कामुळे महाग असत. आखाती देशांतून परतणारे अनेक जण ते सोबत आणत. मुंबईत लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ आणि भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार ही सुटे भाग व जुनी उपकरणे मिळण्याची परिचित ठिकाणे आहेत.

संग्राहकांमधील आकर्षण
धातूची दर्शनी पट्टी, सुईचे ध्वनिमापक, जड कळा आणि पेचकसाने उघडता येणारी रचना यांमुळे जुने डेक जतन केले जातात. नव्याने बनणाऱ्या बहुतेक कॅसेट वादकांत डॉल्बी प्रणाली नसते, हेही त्यांच्या मागणीचे एक कारण आहे. खरेदी करताना हेडची झीज, पिंच रोलरचा कडकपणा व फितीचा वेग तपासले जातात. न वापरलेल्या डेकमधील रबरी पट्टे कालांतराने सैल किंवा चिकट होतात. तसा डेक फीत ओढून गुंडाळून टाकू शकतो.

जतन
दहिसरपासून कुलाब्यापर्यंतच्या दमट किनारी हवेत फितींना बुरशी लागण्याचा धोका असतो. खासगी मैफली, कीर्तने, नाटकांचे प्रयोग व घरातील वडीलधाऱ्यांचे आवाज यांची अनेक मुद्रणे एकाच कॅसेटवर असून त्यांची दुसरी प्रत नसते. ती डिजिटल स्वरूपात आणताना प्रथम हेड स्वच्छ करून कोन जुळवावा लागतो. अन्यथा तार स्वर बोथट ऐकू येतात. मूळ मुद्रण डॉल्बीवर झाले असल्यास तीच प्रणाली निवडणे आवश्यक असते. त्यामुळे सुस्थितीतील डेक ही केवळ हौसेची वस्तू न राहता ध्वनिसंग्रह वाचवण्याचे साधन ठरते.