ज्येष्ठातलं ऊन, श्रुतपंचमी आणि आपल्या बायकांचे हात



उन्हाळा आता सरत आला. पापड, कुरडया, सांडगे, शेवया वाळवून डब्यांत गेले असतील. वर्षाची चटणी कुटून झाली, गोधड्या धुऊन झाल्या, लोणच्याच्या फोडींना मीठ लागलं. दुपारी अंगाची लाही होते आणि संध्याकाळी एकदम गार वारा सुटून लांब कुठंतरी गडगडतं. आपल्या सगळ्यांची या दिवसांतली घाई एकच असते, पाऊस यायच्या आत उरलेलं ऊन वापरून घ्यायचं. चातुर्मासात पालेभाज्या सोडल्या की हेच सांडगे आणि कुरडया कामाला येतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

या वाळवणाच्या दिवसांतच आपला एक सण येतो. त्याला ना पुरणपोळी लागते, ना नवं लुगडं. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे श्रुतपंचमी. त्या दिवशी मंदिरातली आणि घरातली शास्त्रं कपाटातून खाली येतात, झटकून-पुसून त्यांना वारा दिला जातो, नवी वेष्टनं चढतात. काही गावांत पालखीतून शास्त्रांची मिरवणूक निघते. हा सण नेमका याच दिवसांत का, आणि आपली शास्त्रं आजपर्यंत टिकली ती कुणाच्या हातांनी, हे आज सांगायचं आहे. या इतिहासात बायकांची नावं फार थोडी येतात, पण जिथं येतात तिथं ती अगदी मोक्याच्या जागी येतात.

गोष्ट सुरू होते गिरनारच्या चंद्रगुफेत. महावीर स्वामींच्या निर्वाणानंतर कितीतरी शतकं आगमाचं ज्ञान गुरूकडून शिष्याकडे तोंडीच जात होतं. परंपरा सांगते की ६८३ वर्षांनंतर त्यातला थोडाच भाग शिल्लक राहिला होता. तो ज्यांना येत होता ते धरसेन आचार्य वृद्ध झाले होते. आपल्याबरोबर हेही संपेल, या काळजीनं त्यांनी महिमानगरीत जमलेल्या मुनिसंघाला निरोप पाठवला. संघानं वेण्णा नदीच्या काठावरून दोन हुशार मुनी पाठवले. काही अभ्यासकांनी ही वेण्णा म्हणजे आपल्या साताऱ्याची वेण्णा असावी असं म्हटलं आहे. दोघं पोचायच्या आधी धरसेनाचार्यांना स्वप्न पडलं, दोन शुभ्र बैल येऊन पायाशी वाकले.

तरीही आचार्यांनी परीक्षा घेतलीच. दोघांना एकेक मंत्र साधायला दिला. मुद्दाम एकात एक अक्षर कमी ठेवलं, दुसऱ्यात एक जास्त. साधना झाली तेव्हा एकीकडे एका डोळ्याची देवी प्रकटली, दुसरीकडे दात पुढे आलेली. देवता अशा नसतात, तेव्हा मंत्रातच चूक असणार, हे दोघांच्या लक्षात आलं. त्यांनी आपापला मंत्र दुरुस्त केला आणि देवी मूळ रूपात दिसल्या. मग आचार्यांनी शिकवायला घेतलं. मी कॉमर्सची, त्यामुळे मला ही गोष्ट फार आवडते. ताळा जमला नाही तर उत्तराला नावं ठेवायची नाहीत, मागं जाऊन कुठला आकडा चुकला ते शोधायचं. एक अक्षर कमी चालत नाही आणि एक जास्तही चालत नाही. शास्त्र पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं तर ही शिस्त हवीच.

शिकवणं आषाढ शुद्ध एकादशीला पूर्ण झालं. पाऊस तोंडावर होता. गुरूंच्या आज्ञेनं दोघं निघाले आणि गुजरातेतल्या अंकलेश्वरला त्यांनी चातुर्मास केला. हेच ते पुष्पदंत आणि भूतबली. पुढे पुष्पदंत वनवास देशी, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीकडे गेले, भूतबली द्रविड देशात. पुष्पदंतांनी १७७ सूत्रं रचली आणि जिनपालित नावाच्या शिष्याबरोबर ती भूतबलींकडे पाठवली. पुष्पदंतांचं आयुष्य आता थोडंच उरलं आहे हे ओळखून भूतबलींनी उरलेला ग्रंथ पूर्ण केला. तोच षट्खंडागम. तो पुस्तकरूपात लिहून झाला तेव्हा चतुर्विध संघानं त्याची पूजा केली, असं इंद्रनंदींच्या श्रुतावतारात आहे. तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा.

चतुर्विध संघ म्हणजे मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. म्हणजे पहिल्या श्रुतपंचमीला आपण होतो, हे विसरू नका.

नवव्या शतकात वीरसेन स्वामींनी या ग्रंथावर धवला टीका लिहिली. तिचा आकार ७२,००० श्लोक सांगतात. श्लोक म्हणजे इथं ३२ अक्षरांचं माप. मी सहज गुणाकार करून पाहिला, तेवीस लाख चार हजार अक्षरं होतात! एखाद्यानं रोज ५० श्लोक उतरवले तरी एक प्रत करायला १,४४० दिवस, म्हणजे एकही सुटी न घेता जवळजवळ चार वर्षं. ताडपत्र लागणार, लेखकाला पोसावं लागणार, तपासणारा पंडित वेगळा. एवढा खर्च कोण करणार?

तर बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकात देमियक्क नावाच्या श्राविकेनं तो केला. तिनं श्रुतपंचमीचं व्रत केलं होतं. त्याच्या उद्यापनाला तिनं धवलेची ताडपत्रावरची प्रत आपले गुरू शुभचंद्र सिद्धांतदेव यांना अर्पण केली. भूतबलींच्याच महाबंधाची, ज्याला आपण महाधवल म्हणतो त्याची प्रत मल्लिकब्बे नावाच्या श्राविकेनं पंचमी व्रताच्या उद्यापनाला लिहवून माघनंदी आचार्यांना दिली. त्याआधी दहाव्या शतकात दानचिंतामणी अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्या होत्या, ते तर आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेलं असेल.

आपल्याकडे उद्यापनाला ताट-वाट्या, डबे, पिशव्या वाटायची पद्धत पडली आहे. त्याला मी नावं ठेवत नाही, प्रेमानंच देतो आपण. पण आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या बायकांनी उद्यापनाला जे दिलं, त्यातून आपला आगम वाचला. शास्त्रदान हा शब्द आपण पूजेत किती सहज म्हणून जातो!

या ताडपत्री प्रती पुढे मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत आल्या आणि शतकानुशतकं तिथंच राहिल्या. लिपी जुनी कानडी, वाचणारे हळूहळू संपले. यात्रेकरू जात, लांबून दर्शन घेत, भेट ठेवत आणि परत येत. शास्त्र होतं, पण त्यात काय लिहिलंय ते कुणाला कळत नव्हतं. १८८३ साली मुंबईचे सेठ माणिकचंद पानाचंद यात्रेला गेले आणि त्यांनी हे पाहिलं. पानं जीर्ण होत होती. परत आल्यावर त्यांनी सोलापूरच्या सेठ हिराचंद नेमचंद यांच्याशी बोलणं केलं. हिराचंद पुढच्याच वर्षी जाऊन आले. पैसा उभा राहायला, तिथल्या पंचांची संमती मिळायला बरीच वर्षं गेली. अखेर १८९६ च्या सुमारास श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि आपल्या मिरजेचे गजपती शास्त्री प्रती करायला बसले. हे काम १९२२ पर्यंत चाललं. सव्वीस वर्षं आणि सुमारे वीस हजार रुपये! त्या काळचे वीस हजार. पण अट अशी होती की नव्या प्रतीही मूडबिद्रीबाहेर जायच्या नाहीत.

आता यातला नाजूक भाग. गजपती शास्त्रींनी नागरी प्रत करता करता गुपचूप एक कानडी प्रतही तयार केली आणि ती आपल्याजवळ ठेवली. या कामात मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. एवढ्या मोठ्या इतिहासात या बाईंचं नाव जेमतेम एका ओळीत येतं. पण ती ओळ वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची बाई, जेव्हा मुलींना शाळेत घालायलाही लोक कचरत, तेव्हा सिद्धांत ग्रंथाची अक्षरं उतरवत होती!

गजपती शास्त्री ती प्रत घेऊन आधी सोलापूरला हिराचंदांकडे गेले, मग मुंबईला माणिकचंदांकडे. दोघांनीही ती घ्यायला नकार दिला. ज्यांनी या ग्रंथांसाठी आयुष्यातली वर्षं घातली, त्यांनाच समोर आलेली प्रत नीतीला धरून वाटली नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तिथं तिची नागरी प्रत करायला सीताराम शास्त्री बसले आणि त्यांनीही स्वतःजवळ एक प्रत राखली! तिच्यावरून मग अमरावती, कारंजा, आरा अशा ठिकाणी प्रती गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्या पाच अणुव्रतांत अचौर्य आहे. न दिलेलं घ्यायचं नाही. मग लक्ष्मीबाईंनी केलं ते काय म्हणायचं? मी याचा पुष्कळ विचार केला. दोन्ही सेठांनी नकार दिला, तो मला बरोबरच वाटतो. व्रत म्हणजे व्रत, सोयीप्रमाणे वाकवलं तर ते राहात नाही. मूडबिद्रीच्या लोकांनाही दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी राखलं म्हणून तर उतरवायला काही उरलं. पण ज्ञान अडवून ठेवणं हेसुद्धा ज्ञानावरणीय कर्माचं कारण आपल्याच शास्त्रात सांगितलं आहे. लक्ष्मीबाईंनी लिहिलेलं पान कुणाचं काही कमी करून आलं नव्हतं, मूळ ताडपत्रं जागच्या जागी होती. तरी माझा निकाल त्यांच्या बाजूनं पूर्ण लागत नाही, आणि त्यांच्या विरुद्ध तर मुळीच लागत नाही. असे काही हिशेब शेवटपर्यंत जुळत नाहीत. वहीत दोन्ही बाजू खऱ्या खऱ्या लिहून ठेवायच्या, एवढंच आपल्या हाती.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैनांनी या प्रतींवरून धवलेचं संपादन हाती घेतलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांच्या सोबत होते. १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला आणि एकूण सोळा खंड निघायला जवळजवळ वीस वर्षं लागली. सुरुवातीचे खंड निघाल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायची परवानगी दिली. म्हणजे जे लपून सुरू झालं होतं, ते अखेर सर्वांच्या संमतीनं उजेडात पूर्ण झालं. याचं मला फार समाधान वाटतं.

आचार्य शांतिसागर महाराजांना कळलं की महाधवलाची काही ताडपत्रं किडीनं खाल्ली आहेत, तेव्हा त्यांच्या प्रेरणेनं हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ते फलटणला आहेत, जमेल तेव्हा दर्शन घ्या. आणि याच फलटणहून १९६५ साली षट्खंडागमाची एका ग्रंथातली आवृत्ती निघाली. तिच्या संपादिका होत्या सोलापूरच्या ब्रह्मचारिणी पंडिता सुमतीबाई शहा, ज्यांना पुढे पद्मश्री मिळाली. देमियक्कनं प्रत करवून दिली, लक्ष्मीबाईंनी उतरवली आणि सुमतीबाईंनी संपादली. आता राहिलं काय? वाचणं. ते आपल्याकडे आलं आहे.

आता घरातलं थोडं. आपली श्रुतपंचमी पावसाच्या तोंडावर आणि आपल्या श्वेतांबर भगिनींची ज्ञानपंचमी कार्तिकात, पाऊस संपल्यावर. एक दमट हवा यायच्या आधी, दुसरी ती गेल्यावर. जुन्या लोकांनी धर्म आणि घरकाम किती छान एकत्र बांधलं होतं! आपल्या धर्मात कीड मारायची सोय नाही, तेव्हा ती लागूच नये याची काळजी हाच एक मार्ग. म्हणून पुस्तकं रणरणत्या उन्हात ठेवू नका, पानं तडकतात. सकाळी सावलीत, वारा खेळेल अशा जागी पाटावर उभी उघडून ठेवा. मऊ कोरड्या कापडानं हळू पुसा, शिवणीत जीव असेल तर मऊ पिंछीसारख्या कुंच्यानं अलगद बाजूला करा. वेष्टन सुती हवं, प्लास्टिकमध्ये घाम धरतो. जुन्या सुती साडीचं धुवट कापड सगळ्यात उत्तम.

हे करताना जो आनंद मिळतो तो फुकटचा आहे. जुन्या पोथीला येणारा तो कापराचा आणि कागदाचा वास. पहिल्या पानावर कुणाच्या तरी आजेसासूचं नाव, अमुक व्रताच्या उद्यापनानिमित्त सप्रेम भेट. मधेच सापडणारं मोरपीस, एखाद्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. ही ओळ तिला का आवडली असेल, असा विचार करत आपणही ती ओळ वाचतो आणि नकळत स्वाध्याय सुरू होतो.

यंदा श्रुतपंचमीला एवढं करा. घरातली सगळी शास्त्रं खाली काढा, वहीत त्यांची यादी लिहा आणि त्यातलं एक वर ठेवायच्या आधी बाहेरच राहू द्या. चातुर्मासात रोज एक पान. सून-लेक जवळ असेल तर तिला मोठ्यानं वाचायला सांगा, आपल्या डोळ्यांनाही आराम. आणि कुणाचं उद्यापन असेल तर डब्याबरोबर एक छोटं पुस्तकही द्या, आतल्या पानावर आपलं नाव आणि तिथी घालून.

जय जिनेंद्र!