बैलाचे दात, मोटारीचे सीसी

आमच्या दारात लाल मॅसी फर्ग्युसन आली ती १९७८ साली. आबांनी तिला कधी ट्रॅक्टर म्हटलं नाही. पहाटे हाक यायची ती "मॅसी जुंपली का रे?" अशी. पुढे मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा मास्तर झालो. एकदा वर्गात एका पोरानं विचारलं, "सर, मॅसी ही फर्ग्युसनची बायको का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर मला येत नव्हतं. ते शोधताना मी जाऊन पोचलो एका मोटारींच्या शर्यतीपाशी.

मॅसी हे कॅनडातल्या अवजारं बनवणाऱ्या घराण्याचं आडनाव. हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडातल्या डाउन परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ सालच्या शेवटच्या दिवशी त्यानं स्वतः बांधलेलं विमान उडवलं. आयर्लंडातलं ते पहिलं उड्डाण. नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकनं उचलायची युक्तीही त्याचीच. त्याआधी बेलफास्टमध्ये त्याचा मोटारी विकायचा धंदा होता आणि आपल्या मुलखात मोठी शर्यत व्हावी हा ध्यास त्यानं घेतला होता.

इंग्लंडात सार्वजनिक रस्ता बंद करून मोटारी पळवायला कायद्यानं मनाई होती. उत्तर आयर्लंडची विधानसभा मात्र वेगळी, तिथं परवानगी मिळू शकत होती. टूरिस्ट ट्रॉफी ही शर्यत १९०५ साली मॅन बेटावर सुरू झाली होती, पण १९२२ नंतर बंद पडलेली. ती बेलफास्टजवळच्या आर्ड्स भागात पुन्हा भरवायची ठरली. डंडोनाल्ड, न्यूटनार्ड्स आणि कोंबर या तीन गावांना जोडणारा साडेतेरा मैलांहून थोडा लांब रस्ता, तोच शर्यतीचा मार्ग. मळे, पूल, बाजारपेठ, सगळं वाटेत. कोंबरच्या एका वळणाची ओळख तर तिथल्या खाटकाच्या दुकानावरूनच.

१८ ऑगस्ट १९२८ रोजी ४४ गाड्या सुटल्या. त्यात साडेचार लिटरच्या अवजड बेंटली होत्या आणि दीड लिटरच्या, त्याहूनही लहान अशा हलक्या मोटारी होत्या. सगळ्यांना एकाच मापानं पळवलं तर निकाल आदल्या दिवशीच छापून टाकावा. म्हणून हँडिकॅप. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, तेच तत्त्व. इथं वजनाऐवजी इंजिनाचं आकारमान बघून लहान गाड्यांना फेऱ्यांची आणि वेळेची सूट दिली.

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या सांगलीकडं बैलगाडा शर्यतीत बैलाचे दात बघून गट पाडतात. आदत वेगळा, दुसा वेगळा, चौसा वेगळा. दुधाच्या दाताचं खोंड जनरल गटात कुणी सोडत नाही. आर्ड्सवाल्यांनी दातांऐवजी सीसी मोजले. फरक एवढाच, की आमचे गट वेगवेगळे पळतात आणि तिथं सगळे गट एकाच रस्त्यावर एकाच वेळी पळत होते. त्यामुळे समोरून पहिली गेलेली गाडी पहिली असेलच असं नाही. खरा नंबर गणित मांडणाऱ्याच्या कागदावर.

दिवस नाट्यमय गेला. वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्पबेलची बुगाटी पिटमध्येच पेटली आणि जळून गेली. जवळजवळ सहा तासांच्या धावेनंतर जिंकली केय डॉनची दीड लिटरची ली-फ्रान्सिस. सुपरचार्जर लावलेली, म्हणजे हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारी. सरासरी वेग ताशी ६४ मैल. दुसरी आली लिओन कुशमनची अल्विस, पुढच्या चाकांवर ओढणारी. फरक फक्त १३ सेकंदांचा. दोन्ही गाड्या कव्हेंट्रीच्या.

आता कुणी म्हणेल, सूट घेऊन जिंकण्यात काय मर्दुमकी? त्याला १९२९ ची शर्यत उत्तर देते. त्या वर्षी रुडॉल्फ काराचिओलानं सात लिटरची मर्सिडीज भर पावसात अशी हाणली की सगळी सूट भरून काढून तो पहिला आला. पण तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर ७४७ सीसीच्या ऑस्टिन सेव्हन होत्या. एखाद्या मोठ्या मोटारसायकलीएवढं इंजिन! ऑस्टिनच्या त्या शर्यतीच्या गाडीला पुढं तिथल्या प्रांताचं, 'अल्स्टर' हेच नाव पडलं. १९३१ साली नॉर्मन ब्लॅकनं साडेसातशे सीसीच्या एमजीत ट्रॉफी नेली आणि १९३३ साली थोर इटालियन चालक ताझिओ नुव्होलारीनंही ११०० सीसीची एमजीच निवडली व जिंकला. सूट मिळाली म्हणून लहान गाड्या आळसावल्या नाहीत. जिंकायची आशा दिसली म्हणून कारखानदारांनी लहान इंजिनावर जीव ओतला. माझ्या मते हँडिकॅपचं खरं देणं हेच.

पण या गोष्टीचा शेवट गोड नाही. सप्टेंबर १९३६ मध्ये न्यूटनार्ड्स गावात एक गाडी ताबा सुटून फुटपाथवरच्या गर्दीत घुसली आणि आठ प्रेक्षक गेले. त्यानंतर आर्ड्सच्या रस्त्यावर ही शर्यत पुन्हा झाली नाही. नऊ वर्षं तिथं सीसी मोजले, फेऱ्या मोजल्या, सेकंद मोजले. कडेला उभा माणूस आणि चाक यांच्यातलं अंतर मात्र मोजायचं राहिलं.

२०२१ साली न्यायालयाच्या परवानगीनं आमच्या बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मीही टोपी उडवली होती. अजून जातो. पोरं चाकोरीच्या कडेला मोबाइल धरून उभी असतात, काही तर चाकोरीतच. जत्रा कमिटीतले निम्मे माझे विद्यार्थी आहेत, म्हणून हक्कानं सांगतो. बाबांनो, बैलाचे दात मोजायला जेवढा वेळ लावता, तेवढा आधी कठडा बांधायला लावा.